शेषाद्रि बंधूंचें प्रकरण आणि जालन्याचें बेथेल

1843 सालचें मुंबईंतील शेषाद्रि प्रकरण बहुधा बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्राच्या अनुषंगानेंच चर्चिलें जातें. त्यामुळें थोरल्या भावाची हकीकत मागें पडली. तिचा उत्तरार्ध मराठवाड्यांत घडला असल्यानें ती येथें थोडक्यांत मांडतों.

नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण कुळांतले, स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. 1843 त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारें बारा, हाही पाद्री रॉबर्ट नेस्बिट यांच्या आश्रयास जाऊन राहिला. पित्यानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली. मुलगा अज्ञान ठरून पित्याच्या हवालीं झाला. चारच वर्षांपूर्वीं, 1839 त, धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणास त्याच कोर्टानें स्वेच्छेनें राहण्याची मोकळीक दिली होती. हे दोन निवाडे परस्परविरुद्ध दिसतात. पण दोन्हींचा आधार एकच, तो म्हणजे वय. श्रद्धेची परीक्षा न्यायासनानें केली नाहीं, आणि तें योग्यच झालें.

पेंच खरा होता तो या कुटुंबाचा. योहानाच्या शुभवर्तमानांत येशूवरील प्रीतीची खूण म्हणून त्याच्या आज्ञांचें पालन सांगितलें आहे. आणि दहा आज्ञांपैकीं एक मातापितरांचा मान राखण्याची आहे. म्हणजे जो ग्रंथ नारायणास घराबाहेर नेतो तोच त्यास घराकडे पाहावयास लावतो! याउलट पित्याची आज्ञा हाच ज्याचा धर्म त्या गृहस्थासही दोष कसा द्यावा? मिशनऱ्यांच्या वृत्तांतांत पिता केवळ अडथळा म्हणून येतो. आम्हांस तें एकांगी वाटतें.

पुढें श्रीपतास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावें कीं नाहीं, यावर मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. शास्त्रीबोवा शुद्धीच्या बाजूचे. त्यापायीं त्यांनीं स्वजातीयांचा रोष पत्करला. 1845 त ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढणारे ते हेच, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको.

नारायणराव 1854 त दीक्षित पाद्री झाले व पुढें निजामाच्या मुलुखांत जालन्यास गेले. तेथें त्यांचा संबंध मुख्यतः मांग व महार लोकांशीं आला. सालारजंगाच्या कारकीर्दींत निजाम सरकारकडून जमीन मिळून जालन्यानजीक ख्रिस्ती लोकांचें गांव वसलें. त्याचें नांव बेथेल, म्हणजे इब्रीत ‘देवाचें घर’. बापाचें घर सोडून निघालेल्या याकोबास वाटेंत जेथें दर्शन झालें तें हें ठिकाण. नारायणरावांच्या चरित्रास हें नांव मोठें समर्पक आहे. शिवाशिव मानणाऱ्या कुळांत जन्मलेला हा मनुष्य मांगामहारांसाठीं गांव वसवितो, यांतच त्यांच्या आज्ञापालनाचा अर्थ आम्हांस दिसतो. कोर्टांतल्या वादविवादांत नव्हे. 1873 त न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेंत त्यांचें भाषण झालें. 1891 त ते वारले.

या इतिहासाचें दुसरें अंग वतनी आहे. 1850 च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतरितांचा वारसा इंग्रजी मुलुखांत राखला. निजामाच्या अमलांत तो कायदा नव्हता. महारमांगांनीं धर्म बदलल्यावर गांवकीचें काम आणि बलुतें कोणाकडे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. जालना, नांदेड, लातूर भागांतील देशमुख‑देशपांड्यांच्या मोडी दप्तरांतील बलुत्याच्या याद्या व तंट्यांचे महजर ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते या दृष्टीनें चाळावे.