रविवारचा नॉर्वे

अमेरिकेतल्या नॉर्वेजियन वस्त्यांचा इतिहास लिहिणारे सहसा लुथरन चर्च, स्थलांतरितांची वृत्तपत्रे आणि मिळालेली शेतजमीन या तीन गोष्टींभोवती फिरतात. त्यांचे कागद जपलेले आहेत, तेव्हा हे साहजिकच. १८२५ साली ‘रेस्टोरेशन’ हे छोटे गलबत स्टॅव्हँगरहून न्यूयॉर्कला पोहोचले, आणि पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर माणसे त्याच वाटेने गेली. पण चर्चने हळूहळू प्रार्थना इंग्रजीत नेली. आयोवातले ‘डेकोरा-पोस्टेन’ १८७४ पासून चालले आणि १९७२ मध्ये बंद पडले. शेते विकली गेली, मुले शहरांत पांगली. तिन्ही आधार सुटल्यावरही १७ मेच्या, म्हणजे नॉर्वेच्या संविधान दिनाच्या, मिरवणुका निघत राहिल्या, नाताळात लेफ्से या बटाट्याच्या पोळ्या लाटल्या जात राहिल्या. त्या कशाच्या बळावर, याचे उत्तर मला कुटुंबाच्या सुट्टीच्या दिवसात दिसते. आईबाप मुलांना घेऊन उद्यानात, मेळाव्याला, नाचाच्या सरावाला गेले, तिथली कामे त्यांनी अंगावर घेतली, आणि त्यातून हा समाज दर पिढीला नव्याने घडत गेला.

सुरुवातही विचारसरणीतून झालेली नाही, गरजेतून झाली. १८९३ च्या आर्थिक मंदीनंतर, १८९५ च्या जानेवारीत, मिनियापोलिसमध्ये अठरा स्थलांतरितांनी ‘सन्स ऑफ नॉर्वे’ स्थापन केली. आजारपणात मदत आणि कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर घरच्यांना काही रक्कम, हा तिचा पाया होता. भाषा आणि संस्कृतीचा उल्लेख होताच, पण विम्याचा हिशेब सभासदावर अवलंबून असलेल्या बायकामुलांना धरून होत होता. म्हणजे घर हे तिथे पहिल्यापासून एकक होते. चार वर्षांनी, १८९९ च्या जूनमध्ये, वाल्ड्रेस खोऱ्यातून आलेले लोक मिनेहाहा उद्यानात जमले. त्यातून एकेका खोऱ्याच्या, एकेका परगण्याच्या लोकांची मंडळे उभी राहिली. त्यांना ‘बिग्डेलाग’ म्हणत. अनेक शिकल्यासवरल्या नॉर्वेजियनांना हे पटले नव्हते. आधीच मूठभर असलेला समाज गावांच्या अभिमानात फुटेल, अशी त्यांची तक्रार होती. ती तर्काला धरून होती, पण माणसे कशासाठी जमतात याचा अंदाज तिच्यात चुकला होता. कडेवर तान्हे मूल असलेली बाई राष्ट्रीय ऐक्यावरच्या व्याख्यानाला जाणार नाही. आपल्या खोऱ्याच्या बोलीत गप्पा मारणारी नातलग मंडळी जेवणाच्या टोपल्या घेऊन उद्यानात येणार असतील, तर मुलांसह जाईल.

या सवयीची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. १९१८ च्या मे महिन्यात आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर, अगदी चर्चमध्येही इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा बोलायला बंदी करणारा फतवा काढला. रोख जर्मनांवर असला तरी नॉर्वेजियन आणि डॅनिश कुटुंबेही त्यात सापडली. मग १९२४ च्या कायद्याने स्थलांतराचा कोटा ठरला आणि मायदेशाहून येणारा ओघ आटला. यापुढे नॉर्वेजियन बोटीतून उतरणार नव्हते, ते घरात वाढवावे लागणार होते. १९२५ च्या जूनमध्ये मिनेसोटाच्या राज्य जत्रेच्या मैदानावर शंभर वर्षांचा सोहळा झाला. अध्यक्ष कॅल्विन कूलिज भाषणाला आले, टपाल खात्याने दोन आणि पाच सेंटची तिकिटे काढली. इतिहासकार कूलिज यांच्या भाषणावर जास्त लिहितात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो मुलांचा ‘जिवंत ध्वज’: रंगीत कपड्यांतली मुले मैदानावर आधी नॉर्वेचा झेंडा होऊन उभी राहिली आणि मग अमेरिकेचा. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या निष्ठेवर संशय घेतला गेला, त्या समाजाने उत्तर द्यायला मुलांना पुढे केले, आणि मुले पुढे करायची तर आईबापांना तालमीला आणणे, कपडे तयार करणे, उन्हात थांबणे भाग होते.

हे काम कसे चालते ते पाहायचे तर विस्कॉन्सिनमधले स्टॉटन हे गाव घ्यावे. इथे पेर लिस्ने हा रंगारी गाडे बनवण्याच्या कारखान्यात काम करायचा. महामंदीच्या काळात त्याने ताटांवर, पेट्यांवर ‘रोझमालिंग’ म्हणजे वेलबुट्टीची जुनी रंगकला पुन्हा सुरू केली, आणि ती अमेरिकेत घरोघर पोहोचली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गावाने १७ मेचा उत्सव मोठ्या प्रमाणावर भरवायला घेतला आणि १९५३ मध्ये तिथल्या सरकारी हायस्कुलात नॉर्वेजियन लोकनृत्याचे पथक निघाले. यात प्रवेश चाचणी देऊन मिळतो. पूर्वज नॉर्वेचे असावे लागत नाहीत. वंश सांगायचा तर आजोबांचे नाव पुरते, पथकात राहायचे तर आठवडेच्या आठवडे सराव, पोशाखाची देखभाल आणि दौऱ्यांची धावपळ करावी लागते, आणि ती मुलांइतकीच पालकांच्या वाट्याला येते. डेकोरात १९६७ पासून भरणारा ‘नॉर्डिक फेस्ट’ही स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. मिनेसोटात काँकॉर्डिया कॉलेजने १९६३ मध्ये मुलांसाठी नॉर्वेजियन भाषेचे उन्हाळी शिबिर सुरू केले, तेव्हा घरात बोलली न जाणारी भाषा शिकायला मुलांना सुट्टीत पाठवायची सोय झाली.

यावर पहिला आक्षेप असा की हा सगळा देखावा आहे. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी १९७९ मध्ये अशा ओळखीला ‘प्रतीकात्मक’ म्हटले: रोजच्या जगण्यात तिचा भार नाही, सणावारी मिरवली की झाले. निरीक्षण अचूक आहे, पण ते मिरवणुकीच्या कडेला उभे राहून केलेले आहे. खाचांच्या लाटण्याने बटाट्याच्या पातळ लेफ्से लाटणाऱ्यांना, चर्चच्या तळघरात शेकडो पाहुण्यांसाठी लुटेफिस्क हा माशाचा पदार्थ शिजवणाऱ्यांना भार नक्कीच जाणवतो. पोशाखही पुरातन नाहीत, असे कोणी म्हणेल. तेही खरे. आज दिसणारा ‘बुनाड’ हुल्डा गारबोर्ग यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खुद्द नॉर्वेत जुन्या वेशांतून रचत नेला. लाखो माणसे त्याआधीच देश सोडून गेली होती. मूळ देशालाच जी गोष्ट नव्याने जुळवावी लागली, ती परदेशातल्या नातवंडांनी जुळवली तर त्यांनाच खोटे का ठरवायचे?

दुसरा आक्षेप मात्र असा झटकता येत नाही. मेरी वॉटर्स यांनी १९९० मध्ये दाखवले की युरोपीय वंशाच्या अमेरिकनांना आपली ओळख निवडता येते, हवी तेव्हा बाजूलाही ठेवता येते. स्टॉटनचे मूल सोमवारी बुनाड कपाटात टांगून निव्वळ अमेरिकन होते. पण तिथल्या मराठी कुटुंबांच्या, १९८१ साली शिकागोत स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला आईबापांबरोबर येणाऱ्या मुलाला ती मुभा नाही. नाव आणि वर्ण त्याच्याबरोबर शाळेत जातातच. शिवाय १८६२ च्या होमस्टेड कायद्याने ज्या प्रदेशात जमिनी वाटल्या गेल्या, त्यातल्या मिनेसोटातून डकोटा लोकांना १८६३ मध्ये हुसकावले गेले होते. पूर्वजांच्या कष्टांची गोष्ट मुलांना सांगणाऱ्या मेळाव्यांत ही बाजू फार काळ आली नाही. माझ्या मांडणीने हा दोष धुऊन निघत नाही. उलट सहलीत मुलांना जे सांगितले जाते तेच टिकते, हे मानले तर तिथे जे सांगितले गेले नाही त्याची जबाबदारीही त्याच आईबापांवर येते.

मेळावे उभे करणाऱ्या या श्रमांचा पुरावा विरळ आहे, याचेही कारण आहे. ‘सन्स ऑफ नॉर्वे’च्या नावातच पुरुष आहेत, बायकांची संघटना वेगळी होती, मिडवेस्टमधली ती १९५० मध्ये या संघटनेत विलीन झाली. इतिवृत्तांत अध्यक्ष, खजिनदार, पाहुणे वक्ते सापडतात, स्वयंपाक कोणी केला ते क्वचित. ते शोधायचे तर चर्च आणि शाखांनी निधीसाठी छापलेली पाककृतींची पुस्तके उघडावी लागतात. तिथे प्रत्येक कृतीखाली देणारीचे नाव असते, आणि जुन्या पुस्तकांत तेही बहुधा नवऱ्याच्या नावामागे ‘मिसेस’ लावून.