खानदेशातील व्यसन : अबकारीपासून उपचारापर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याला उन्हाळा लागता लागता मोहाची फुले पहाटे गळू लागतात. भिल्ल आणि पावरा कुटुंबे उजाडताच ती टोपल्यांत वेचतात आणि अंगणात वाळवतात. भिजवून आंबवलेली फुले मडक्यात घालून खाली जाळ केला की वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात उतरते. हीच मोहाची दारू. लग्नाला किंवा सणाला आधी थोडी देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सांडायची, मग माणसांनी प्यायची, अशी रीत होती. तेव्हाही अतिरेक होत असेल, पण पिण्याला निमित्त लागत असे.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे नशा हे महसुलाचे साधन झाले. माळव्याची अफू आग्रा रस्त्याने धुळ्यावरून मुंबईकडे जाई आणि तीवर सरकारचा कर असे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली. झाड दारात, पण त्याची दारू मात्र मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची, अशी अवस्था आली. दुकान बारमाही उघडे आणि उधारही मिळे. सणाचे पिणे रोजचे होण्याला याचा मोठा हातभार लागला. ज्या सरकारची तिजोरी पिण्याने भरत होती, त्याच्याकडून पिणाऱ्याच्या उपचाराची अपेक्षा करणे व्यर्थ होते.

दारू सोडण्याची पहिली मोठी हाक आदिवासींमधूनच आली. 1922 च्या सुमारास देवीची चळवळ ठाण्याच्या किनाऱ्याकडून नाशिक, डांग, खानदेश करत दक्षिण गुजरातेत पसरली. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, असा देवीचा आदेश सांगितला जाई. 1938 मध्ये तळोद्याजवळच्या मोरवड येथे संत गुला महाराजांनी हाच मार्ग सांगितला. त्यांच्या सोमवारच्या आरतीला दुरून माणसे येत. शपथ सगळ्या गावाची असल्यामुळे आग्रहाने पेला पुढे करणारा कोणी उरत नसे, हे या चळवळींचे खरे बळ. मात्र शपथ मोडलेल्याला पुन्हा सावरण्याची सोय त्यांत नव्हती, आणि दारू थांबताच थरथरणाऱ्या शरीरासाठी औषधही नव्हते.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्ट्या लपून चालू लागल्या. पुढे 1972 पासून शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेने जमीन आणि मजुरीचा लढा उभारला. त्यातल्या भिल्ल बायकांनी घरच्या मारहाणीचे मूळ गुत्त्यात पाहिले आणि गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडली. खानदेशच्या इतिहासातले हे अत्यंत धीराचे पान आहे. तरीही मडके फुटल्यावर नवऱ्याला न्यायचे कुठे, या प्रश्नाला त्या काळी जवळपास उत्तर नव्हते.

व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत, हा विचार महाराष्ट्रात रुजवण्यात पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा वाटा मोठा आहे. ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ते सुरू केले. सुरुवातीला औषधांनी शरीर सावरायचे, मग समुपदेशन, गटचर्चा, कुटुंबाशी बोलणे आणि घरी गेल्यावरही अनेक महिने पाठपुरावा, हा क्रम आता सर्वमान्य आहे. पुन्हा घसरण झाली तर उपचार पुन्हा सुरू करायचे असतात. मधुमेहीची साखर वाढली म्हणून कोणी त्याचे औषध बंद करत नाही.

आज दारूच्या जोडीला शिरपूरच्या डोंगराळ भागात चोरून पिकवला जाणारा गांजा आहे, धुळे-मालेगाव पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकले जाणारे अल्प्राझोलाम हे गुंगीचे औषध आहे, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आहे. पोलिसांच्या भीतीने घरची माणसे हे लपवतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ मध्ये मात्र अल्प प्रमाणातील वापराच्या किंवा बाळगण्याच्या गुन्ह्यात, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात किंवा भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अशा रुग्णाला आधी रुग्णालयात न्यावे. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी 14446 हा राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहे.