आपल्या जमिनीचे कागद आणि चाळीस दिवसांची मुदत

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितले. मी ऑफिसमधले लोखंडी कपाट उघडून बसलो. सत्यनारायणाचे, गणपतीचे फोटो भरपूर निघाले, पण खरा इतिहास निघाला तो खालच्या कप्प्यातल्या 'जमीन व परवाने' असे लिहिलेल्या फाईलमध्ये. बँकेत उभी नोकरी कर्जाच्या फाईली चाळण्यात गेली, त्यामुळे मला हे कागद कंटाळवाणे वाटत नाहीत. वाचकांना वाटले तर त्यांनी पुढची पाककृतींची पाने उघडावीत, माझा राग नाही!

आपण आज जिथे गाड्या लावतो तिथे वारजे गावची शेती होती. सातबाऱ्यावर 'जिरायत' असा शेरा आहे. शेतजमिनीवर घर बांधायचे तर ती आधी बिगरशेती, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'एनए' करावी लागे. ही पद्धत इंग्रजांच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यापासूनची आहे. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६६ चा स्वतःचा महसूल अधिनियम केला आणि त्याच्या कलम ४४ खाली हा अधिकार कलेक्टरकडे राहिला. त्याच कलमात एक गमतीची तरतूद आहे. अर्ज पोहोचल्यापासून ९० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे. नियोजनाच्या कायद्यात बांधकाम परवानगीसाठी असेच ६० दिवस आहेत. प्रत्यक्षात काय होई, तर मुदत संपायला दोन-तीन दिवस राहिले की कार्यालयातून त्रुटीचे पत्र येई. 'मानीव परवानगी'वर कर्ज मागणारा ग्राहक मला अख्ख्या नोकरीत एकही भेटला नाही. भेटला असता तरी आमच्या हेड ऑफिसने ते कर्ज मंजूर केले नसते, ही गोष्ट वेगळी.

कुठल्या जागेत काय करायचे हे ठरवणारा कायदाही आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ सालीच झाला, देशातला तो पहिला. पुण्यात भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, टीपी स्कीममध्ये आखले गेले. तिथल्या जुन्या बंगल्यांच्या कागदांवर अजून 'फायनल प्लॉट नंबर' असतो तो त्यामुळेच. पुढे १९५४ चा कायदा आला, आणि मग १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. आजचे सगळे झोन, आरक्षणे, हरकती आणि अपिले यातूनच येतात.

या सगळ्यातून निसटून जाणारा एक मोठा वर्ग होता. सरळ मार्गाने एनए प्लॉट घेणे परवडत नाही, म्हणून माणसे शेतकऱ्याकडून गुंठा-दोन गुंठे घेत. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. नकाशा मंजूर नाही, सातबाऱ्यावर नाव लागले तर सामाईकात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे तर इतक्या छोट्या तुकड्याचा व्यवहारच अडकायचा. त्यात १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने पुण्यात मोकळ्या जमिनीची मर्यादा १००० चौरस मीटर केली. जमिनी कज्ज्यात अडकल्या आणि गुंठेवारी फोफावली. अशा कितीतरी लोकांची कर्जे मी 'कागद अपुरे' म्हणून परत केली. नियमाने बरोबर होते. शेवटी शासनालाच २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट घेतले होते. ती तारीख २०२१ मध्ये पुढे सरकवून ३१ डिसेंबर २०२० केली. मी परत पाठवलेल्या लोकांपैकी काहींची घरे आता कायदेशीर झाली असतील.

सप्टेंबर १९९७ मध्ये ३८ गावे पुणे महापालिकेत आली, वारजे त्यात होते. पुढे काही गावे वगळली आणि २३ राहिली. आपण राहायला आलो तेव्हा आपल्या डोक्यावर नवी महापालिका होती, पण नवा आराखडा नव्हता. मग २३ गावांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या पुढची गल्ली रुंद करायची रेघ होती, आणि ती कंपाउंडच्या आतून, थेट पार्किंगमधून जात होती!

जुन्या सभासदांना ती धावपळ आठवत असेल. कायद्यानुसार आराखड्यावर कोणीही नागरिक हरकत घेऊ शकतो आणि ती नियोजन समितीपुढे ऐकली जाते. या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले ४ पर्यंत जाणकार असतात. आपण सह्या गोळा केल्या, मोजणीचा नकाशा जोडला. सुनावणीला आपले सातजण गेले, बोलायला मिळाली जेमतेम पाच मिनिटे. पण रेघ हलली. आराखड्याचा बराचसा भाग शासनाने २००८ साली मंजूर केला आणि आपली गल्ली होती तेवढीच राहिली. त्या रात्री आपण गच्चीवर आइस्क्रीम खाल्ले.

त्याचा दुसरा परिणाम तेव्हा आपल्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नाही, माझ्याही नाही.

निवासी विभागात दुकान-व्यवसाय चालतो की नाही हे बरेचसे पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रुंद रस्त्यावर तळमजल्याला दुकान चालते. अरुंद गल्लीत डॉक्टर, वकील घरच्या घरी बसू शकतात, पण बाकी वापरांवर बंधने येतात. २००९ साली तळमजल्यावरच्या एका ताईंना घराच्या पुढच्या खोलीत पोळी-भाजी केंद्र काढायचे होते. यजमानांची कंपनी बंद पडली होती. त्यांनी शॉप अॅक्टचे लायसन्स काढले आणि झाले असे समजल्या. हा गैरसमज बँकेत रोज भेटायचा. शॉप अॅक्ट कामाचे तास, सुट्ट्या, नोकरांचे हक्क पाहतो. जागेचा वापर बदलायला परवानगी वेगळी लागते, कारण एमआरटीपीच्या भाषेत वापरातला बदल हेही 'विकसन'च. त्यांनी रीतसर अर्ज केला. ना हरकत पत्रासाठी विषय सर्वसाधारण सभेत आला. वास येईल, डिलिव्हरीची पोरे येतील, पार्किंग जाईल, असे म्हणत सभेने नकार दिला. सेक्रेटरी म्हणून पत्रावर माझी सही आहे. जावक क्रमांकासह ते फाईलला आहे.

पुढे त्यांचा अर्जही नामंजूर झाला. कारणांत पहिले कारण होते रस्त्याची रुंदी.

अशा नकारावर कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते. मुदत ४० दिवसांची, निर्णय कळल्यापासून. अपील मान्य झालेच असते असे मी म्हणत नाही, रुंदीचा मुद्दा कठीणच होता. पण पोळ्या लाटून डबे बाहेर पाठवणे म्हणजे दुकान की घरगुती उद्योग, हा वाद घालण्यासारखा होता. मला ते कलम माहीत होते. जिन्यात त्या भेटायच्या, "काका, काय करता येईल?" असे एकदा विचारलेही. मी म्हणालो, "बघू, सभा होऊ दे." सभेत विषय आलाच नाही. मी अपिलाबद्दल बोललो तेव्हा पन्नासच्या वर दिवस उलटले होते. त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." एवढेच.

त्यांनी हायवेच्या सर्व्हिस रोडला भाड्याने गाळा घेतला. चार वर्षांनी फ्लॅट विकून त्या गेल्या. नोकरी करणाऱ्या आपल्या किती घरांत तेव्हा त्यांच्या पोळ्या येत होत्या, हे मोजायला नको.

आता नियम बरेच सैलावले आहेत. २०१७ च्या नव्या दुकाने कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असले तर नुसती सूचना पुरेशी केली. त्याच सुमारास महसूल अधिनियमात सुधारणा होऊन आराखड्यातल्या जमिनींसाठी एनएचा जुना खटाटोप कमी झाला. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळजवळ साऱ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू आहे. पण गल्ली तेवढीच आहे. मागच्या महिन्यात ब विंगमधल्या एका सुनेने बेकरीचे क्लास आणि ऑर्डरी घेण्यासाठी ना हरकत पत्र मागितले आहे. विषय येत्या सभेच्या पत्रिकेवर पाचवा आहे. तिला मी कलम ४७ ची झेरॉक्स आणि २००९ च्या त्या पत्राची प्रत आधीच देऊन ठेवली आहे.