आकडा चौकात आला तेव्हा

अंधेरी स्थानकावरचा इंडिकेटर वाचायला कोणी कोणाला शिकवत नाही. 'बोरिवली, जलद, १२ डबे' एवढे दिसले, की प्रवासी चार पावले पुढे-मागे सरकतो. पण हवेची प्रत सांगणाऱ्या फलकावर '१५०' दिसले, तर त्याने काय करायचे? उत्तर शोधण्याआधी हा आकडा आला कोठून, ते पाहू.

हवा प्रदूषणाविरुद्धचा कायदा आपल्याकडे १९८१ मध्ये झाला. मात्र मोजमापे बराच काळ अहवालांतच राहिली. २००९ च्या सुधारित मानकांत अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा, समावेश झाला. पुढे २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'सफर' ही यंत्रणा उभारली. ती २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. अंधेरी, बोरिवली, मालाड व भांडुप येथे मोजणीकेंद्रे झाली. शहरात काही ठिकाणी विद्युत्-फलकही लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. शून्य ते ५०० ही मोजपट्टी, सहा वर्ग आणि सहा रंग.

हा निर्देशांक सरासरी काढून मिळत नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. समजा, एका घनमीटर हवेत पीएम २.५ ७५ मायक्रोग्रॅम आणि पीएम १० १४० मायक्रोग्रॅम आहे. त्यांचे उपनिर्देशांक अनुक्रमे सुमारे १५० आणि १२७ येतात. इतर प्रदूषकांचे उपनिर्देशांक याहून कमी असतील, तर फलकावर मोठा तोच, म्हणजे १५०, दिसेल; वर्ग 'मध्यम'. शिवाय कणांचे मोजमाप २४ तासांच्या सरासरीवर ठरते. म्हणून सकाळी शाळेच्या मागे कचरा जळाला, तरी त्या घटकेचा धूर आकड्यात पूर्णपणे उमटत नाही. तो केंद्रापासून दूर जळाला, तर कदाचित मुळीच उमटणार नाही.

मग अशा आकड्याचा उपयोग काय? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची हवा बिघडली, तेव्हा तो उपयोग दिसला. रोजचे आकडे वर्तमानपत्रांत आणि घराघरांत चर्चेला आले. महापालिकेने २५ ऑक्टोबरला बांधकामांसाठी नियमावली काढली: ७० मीटरहून उंच इमारतींभोवती किमान ३५ फूट उंचीचे पत्रे, पाण्याची फवारणी, झाकलेला राडारोडा आणि कामाच्या जागी हवामापक. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. आकड्याने हवा स्वच्छ केली नाही. पण डोळ्यांना दिसणाऱ्या धुरक्याला तक्रारीचा पुरावा मिळाला.

आपल्या वर्गात एक प्रयोग करता येईल. जवळच्या केंद्राचा निर्देशांक आणि त्या दिवशीचा मुख्य प्रदूषक महिनाभर तक्त्यावर लिहावा. शेजारी वाऱ्याची दिशा, पाऊस, जवळचे खोदकाम यांची नोंद ठेवावी. खिडकीत व्हॅसलीन लावलेला पांढरा पुठ्ठाही टांगावा. त्यावर जाड धूळ दिसेल, फुप्फुसांत खोलवर जाणारे सूक्ष्म कण नव्हेत; हा फरक हाच मोठा धडा आहे.

इंडिकेटर पाहून आपण एकेकटे हलतो. हवेचा आकडा पाहून मात्र एकट्याने हलून भागत नाही. तो वाचून प्रश्न विचारणारे चार जण लागतात. ते वर्गातून घडावेत.