सरोवरे मागे राहिली

बदलीच्या गावी सामान पोहोचते, मूळ गावाशी जडलेले नाव मात्र तेथे परके ठरते, हा अनुभव आम्हां परप्रांती नोकरी करणाऱ्यांना नवा नाही. अमेरिकेतील ‘लेकर्स’ या व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या वाट्यालाही तोच आला.

१९४७ साली मिनीॲपोलिस येथील काही उद्योजकांनी डेट्रॉइटचा एक दुबळा संघ विकत घेतला. मिनेसोटा म्हणजे दहा हजार सरोवरांचे राज्य. त्यावरून संघास ‘लेकर्स’ हे नाव मिळाले. सहा फूट दहा इंच उंचीच्या जॉर्ज मायकनच्या बळावर संघाने १९४९ ते १९५४ या सहा हंगामांत पाच अजिंक्यपदे जिंकली. मायकन निवृत्त झाला आणि प्रेक्षक ओसरले. जानेवारी १९६० मध्ये हिमवादळात वाट चुकलेले संघाचे विमान आयोवातील मक्याच्या शेतात उतरवावे लागले; सुदैवाने सारे बचावले. त्याच वर्षी संघाने लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलविले. तेथे सरोवरांचा तो थाट नव्हता. नाव मात्र तेच राहिले.

नव्या शहरात १९६२ ते १९७० या काळात संघ सात वेळा अंतिम सामन्यांत हरला. पहिले अजिंक्यपद १९७२ साली लाभले. मिनीॲपोलिसच्या वीरांचा गौरवध्वज लॉस एंजेलिसच्या क्रीडागृहात लागला तो मात्र २००२ साली. पूर्वजांचे ऋण मानण्यास बेचाळीस वर्षे लागली. पण ते मानले गेले, याचे आम्हांस अधिक समाधान वाटते.