पाटणचा मठ आणि गणकाचे दोन प्रश्न

चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, सातमाळा डोंगराच्या कुशींत पाटण हें प्राचीन स्थान आहे. तेथील देवीच्या देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें मांडला, आणि एका विद्यास्थानाची हकीकत उजेडांत आली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचें व इतर ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला. निकुंभ वंशांतील सोइदेवानें मठास वृत्ति दिली. त्याचा बंधु हेमाडिदेव यानें तिला पुष्टि दिली.

ग्रंथ जवळ असतां त्यासाठीं मठ कशाला हवा? याचें उत्तर ज्योतिषाच्या स्वरूपांतच आहे. गणितग्रंथ उघडणाऱ्या गणकास आधीं दोन गोष्टी पाहाव्या लागतात : ग्रंथ कोणत्या शकाचा, आणि त्यांतील आंकडे कोणत्या स्थळाचे. भास्कराचार्यांच्या करणकुतूहलाचा आरंभ शके ११०५, म्हणजे इ. स. ११८३ चा आहे. त्या आरंभापासून किती दिवस लोटले तें काढून ग्रहांचीं स्थानें मिळवावयाचीं. गतीच्या आंकड्यांत राहिलेली सूक्ष्म चूक वर्षांगणिक सांचत जाते. म्हणून जुन्या करणाच्या जागीं नवें करण रचावें लागतें. नांदगांवच्या गणेश दैवज्ञाचें ग्रहलाघव शके १४४२ चें आहे, आणि पुढें महाराष्ट्रांतील पंचांगें बहुधा त्यावरूनच होऊं लागलीं.

स्थळाचेंहि तसेंच आहे. मध्यरेषा लंका व उज्जयिनी यांवरून जाते. पाटण तिच्या पश्चिमेस सुमारें पाऊण अंश आहे, म्हणजे वेळेंत तीन मिनिटांचा फरक. विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुळांच्या शंकूची छाया उज्जयिनीस पांच अंगुळांहून थोडी अधिक, तर पाटणास साडेचार अंगुळांच्या आसपास पडते. हा संस्कार न करणाऱ्यास उत्तर मिळतें, पण तें दुसऱ्या गांवचें असतें.

खुद्द शिलालेखाचा काळहि असाच पारखून घ्यावा लागतो. त्यांत शके ११२८, प्रभव संवत्सर आणि श्रावणी पौर्णिमेचें चंद्रग्रहण असा उल्लेख आहे. ११२८ मध्यें ७८ मिळविले तर १२०६ येतात. परंतु दक्षिणेकडील गणनेप्रमाणें प्रभव संवत्सर पुढच्या वर्षीं पडतो. म्हणून विद्वानांनीं ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस ठरविला. केवळ आंकड्यावर विसंबणारा वाचक एका वर्षानें चुकता.

गणित आज संगणकाकडे गेलें, तरी ते दोन प्रश्न सुटलेले नाहींत. पायथन या आज्ञाभाषेच्या दुसऱ्या आवृत्तींत सातास दोहोंनीं भागिलें असतां उत्तर ३ येई. २००८ सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींत तें ३.५ येतें. ओळ तीच, यंत्राची तक्रार नाहीं, आणि उत्तर मात्र निराळें. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल २०२० च्या आरंभीं थांबली, पण तींत लिहिलेलें काम त्या दिवशीं नाहींसें झालें नाहीं. म्हणून जाणता मनुष्य आधीं भाषेलाच विचारतो. तिच्या ‘सिस्’ नांवाच्या भागांत ‘व्हर्जन’ पाहिलें कीं आवृत्ति कळते. ‘प्लॅटफॉर्म’ पाहिलें कीं यंत्रावर विंडोज आहे कीं लिनक्स, हें समजतें. पहिला प्रश्न शकाचा, दुसरा देशाचा.

भास्कराचार्यांनीं आपला जन्मशक १०३६, व सिद्धांतशिरोमणि छत्तिसाव्या वर्षीं रचला हें ग्रंथांतच नमूद केलें आहे. स्वतःचा काळ सांगणारा ग्रंथ पुढल्यांस तपासतां येतो. पाटणचा मठ आज नाहीं. शिळा मात्र आपला शक, संवत्सर आणि ग्रहण सांगत राहिली, म्हणूनच तो मठ केव्हां होता हें आज सांगतां येतें.