खारघरच्या खाडीतील गळाची दोरी

ज्या वस्तूपासून सरकारला वसूल मिळत नाही तिची दखल सरकारी दफ्तर सहसा घेत नाही. आणि म्हणूनच पनवेलच्या खाडीविषयीच्या जुन्या कागदपत्रांतून बंदर, जकात, मिठागरे आणि खारबंदिस्तीची शेते यांच्याबद्दल जितके कळते, त्याच्या शतांशानेही त्या खाडीत गळ टाकून बसणाऱ्या आगऱ्याच्या किंवा कोळ्याच्या हातातील दोरीबद्दल कळत नाही. वस्तुतः मासा आणि माणूस यांना जोडणारे साधन ते एवढेच; आणि त्याची निवड करताना भरतीचा जोर, तळाचा चिखल, कालवांची धार, माशाचे दात आणि स्वतःच्या हाताची ताकद इतक्या गोष्टींचा हिशेब ज्याला मांडता येई, तोच जाणता समजला जाई. खारघर, बेलपाडा, कोपरा या गावांच्या भूतकाळाचा एक भाग या हिशेबात साठलेला आहे, आणि तो दफ्तराबाहेर राहिल्यामुळेच लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. त्यापूर्वीचे खारघर म्हणजे एका अंगाला पांडवकड्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला तळोज्याची खाडी, आणि या दोहोंच्या मध्ये भातशेती, खाजण व तिवरांची रांग, असा मुलूख होता. तळोज्याची खाडी पुढे पनवेलच्या खाडीस मिळते आणि ती ठाण्याच्या खाडीत उतरून मुंबई बंदराच्या पाण्याशी एकरूप होते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. ते पाणी अशा अरुंद खाडीच्या तोंडातून दिवसातून दोनदा आत शिरते आणि दोनदा बाहेर पडते, तेव्हा त्याची ओढ किती असेल याची कल्पना किनाऱ्यावर उभे राहिल्यावाचून येत नाही. या ओढीबरोबर बोईट, शिंगाळा, वाम, कोलंबी आत येत. आणि खारबंदिस्तीच्या बांधाला जिथे पाणी सोडण्यासाठी उघाडी ठेवलेली असे, तिथे बाहेर पडणाऱ्या लहान मासळीवर टपून जिताडा उभा राही. जाळ्याने मिळणाऱ्या मासळीच्या मानाने गळाची मासळी थोडी. परंतु जिताड्यासारखा मासा उघाडीच्या तोंडाशी, दगड-लाकडांच्या अडचणीत राहतो, आणि तिथे जाळे टाकता येत नाही. गळाची दोरी या जागेसाठी होती.

ही दोरी विकत आणण्याची वस्तू नव्हती. सणाच्या काड्या पाण्यात कुजवायच्या, साल सोलायची, धुऊन व आपटून तिच्यातील वाख मोकळा करायचा, आणि मग चातीवर किंवा उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत सूत काढायचे, असा तो उद्योग होता. एका सुताला उजवा पीळ, तर दोन किंवा तीन सुते एकत्र करताना डावा. म्हणजे एक पीळ सुटू पाहील तेव्हा दुसरा त्याला आवळून धरील, हा साधा परंतु अत्यंत बुद्धिवान न्याय त्या दोरीच्या पोटात होता. पीळ कमी पडला तर दोरी फुसकी राही व तिचे तंतू कालवांवर पिंजत. अधिक झाला तर ती स्वतःभोवतीच गाठी मारू लागे. नेमका किती द्यावा, हे तळहात सांगे. शिंगाळ्यासाठी दुपदरी पुरे, परंतु जिताड्यासाठी तिपदरीच हवी, हा निर्णय दोरी वळायला बसतानाच होत असे. निवड आणि निर्मिती या दोन क्रिया तेव्हा एकच होत्या, आणि त्या एकाच घराच्या ओट्यावर होत.

दोरी वळून झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. सण हा वनस्पतिजन्य तंतू. खाऱ्या चिखलात त्याला सूक्ष्म जंतू लागतात आणि काही आठवड्यांत तो कुजू लागतो. यावर उपाय म्हणून ऐनाची किंवा चिल्हारीची साल पाण्यात उकळून तिच्या काळसर तांबड्या कषायात जाळी आणि दोऱ्या बुडवून ठेवीत. सालीतील टॅनिन तंतूत मुरले की कुजण्याची क्रिया मंदावते. चामडे कमावताना जे रसायन कामी येते तेच हे, आणि ते डोंगरातून मिळत असल्यामुळे खारघरच्या मच्छिमाराचे खाडीइतकेच डोंगराशीही नाते होते. कषायाचे संस्कार पुनःपुन्हा करावे लागत, आणि प्रत्येक खेपेनंतर दोरी गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावी लागे. पावसाळ्यात वाळवणे कठीण, म्हणून चुलीच्या धुरावर ती टांगून ठेवण्यात येई.

या दोरीला एक गुण असा होता की जो आजच्या कोणत्याही कृत्रिम दोऱ्याला नाही. सण, कापूस, अळशी यांचे तंतू भिजले म्हणजे अधिक बळकट होतात. कोरड्या हाताने ओढून पाहिलेली सणाची दोरी पाण्यात गेल्यावर तुमचा विश्वासघात करीत नाही, उलट थोडे अधिकच देते. गाठीही तिच्यात घट्ट बसत, कारण तंतू खरखरीत असल्याने गाठ घसरत नाही. दोष म्हणाल तर जाडी. तेवढ्याच बळासाठी सणाची दोरी आजच्या दोऱ्याच्या कित्येक पट जाड असे, आणि दोरी जितकी जाड तितकी प्रवाहाची ओढ तिच्यावर अधिक. म्हणून उधाणाच्या पाण्यात तळाशी गळ टिकवायला शिसेही तितकेच वजनदार बांधावे लागे. त्यापेक्षा भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाण्याची ओढ मंदावली असता गळ टाकणे सोयीचे. तिथी पाहून मासेमारीला जाण्यामागे श्रद्धेइतकेच दोरीच्या जाडीचेही कारण होते, असे माझे मत आहे.

जगात अन्यत्रही या काळी दोरी वळण्याचीच रीत होती, फक्त तंतू वेगळे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या मासेमारीवरील आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा तेथील दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. पुढे स्पेनच्या मुर्सिया प्रांतात रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून ओढलेला, जवळजवळ पारदर्शक असा तंतू निघू लागला आणि तो गळाजवळच्या टोकासाठी जगभर जाऊ लागला. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली भारतातील गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, आणि अशा साहेब मंडळींच्या पेट्यांतून हा रेशमी तंतू हिंदुस्थानात आला. परंतु खाडीकाठच्या रयतेच्या हाती तो लागण्याचे कारण नव्हते.

रयतेच्या हाती जे लागले ते गिरणीचे सूत. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी आरंभली, १८५६ मध्ये ती चालू झाली, आणि पुढल्या अर्धशतकात मुंबईच्या आसपास यंत्रावर कातलेले सूत सुलभ झाले. पनवेल कसबा तर मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या उतारूंचा जुना उताराच. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून मचव्याने पनवेलला यावे आणि तिथून घाट चढावा, हा शिरस्ता होता. १८६३ मध्ये लोहमार्ग बोरघाट चढून गेला, आणि तो कर्जतच्या बाजूने गेल्यामुळे पनवेलचा हा मान कमी झाला. तरी खाडीतून मुंबईशी मचव्यांची ये-जा होतीच, आणि त्या मार्गाने सुताच्या गुंड्या खाडीकाठच्या गावांत पोहोचणे अवघड नव्हते. कापसाचे सूत सणापेक्षा मऊ व बारीक. मात्र तेही कुजे, म्हणून सालीचे कषाय सुटले नाही. हातातून सुटली ती चाती. दोरीच्या इतिहासात पहिला खंड इथे पडला: तंतू बाहेरून आला, पीळ तेवढा घरचा राहिला.

दुसरा खंड फार मोठा होता. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या हाताखाली नायलॉन प्रथम तयार झाले, १९३८ साली ते जगासमोर जाहीर झाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा एकसंध, पीळ नसलेला तंतू गळाच्या दोरीसाठी जगभर पसरला. आपल्याकडे स्वातंत्र्योत्तर दोन-तीन दशकांत तो रुजला. १९५७ मध्ये कोचीन येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली आणि कृत्रिम तंतूंच्या जाळ्यांचा अभ्यास व प्रसार तिने हाती घेतला. महाराष्ट्रात आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहाने नायलॉनचे तंतू व जाळी काढली, आणि १९७६ मध्ये गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी उभी राहिली. किनाऱ्यावरच्या लोकांनी गळाच्या या नव्या दोऱ्याला तंगूस म्हटले, आणि सण, साल, चाती व चुलीवरचा धूर ही सारी व्यवस्था एका पिढीच्या आत नाहीशी झाली.

नायलॉन कुजत नाही, ही त्याची थोरवी, आणि ती मी मनापासून मान्य करतो. ज्या बायकांचे अर्धे आयुष्य सूत काढण्यात आणि जाळी कषायात बुडवण्यात गेले, त्यांच्या पाठीवरचे ओझे या शोधाने उतरले. पण त्याचे स्वतःचे असे स्वभाव आहेत, आणि ते कळायला काळ लागला. भिजल्यावर ते सणाप्रमाणे बळावत नाही, उलट आपल्या बळाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक गमावते. ते ताणते, तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या पंधरा ते तीस टक्के वाढते, त्यामुळे दूरच्या माशाची हलकी चाहूल हाताला लागत नाही, मात्र जिताड्याने एकाएकी झटका दिला तर हाच ताण तो झटका सोसतो. ते गुळगुळीत आहे, म्हणून सणावरच्या जुन्या गाठी त्यात घसरतात. गाठ ओली करून सावकाश आवळावी लागते, नाही तर घर्षणाच्या उष्णतेने तंतू दुबळा होतो. आणि जे कुजत नाही ते उन्हाने मात्र झिजते. सणाची दोरी वाळवून ठेवीत, तंगूस उन्हापासून लपवून ठेवावा लागतो.

त्यानंतरची कथा दुकानाच्या फळीवरची आहे. १९७१ मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने फ्लुओरोकार्बनचा दोरा आणला. पाण्याशी त्याचे प्रकाशवक्रीभवन नायलॉनपेक्षा जवळचे असल्याने तो पाण्यात कमी दिसतो आणि जड असल्याने लवकर बुडतो. १९९० नंतर पॉलिएथिलीनच्या अतिबळकट तंतूंचा विणलेला दोरा आला. तो अत्यंत बारीक, जवळजवळ न ताणणारा आणि पाण्यावर तरंगणारा. खारघरच्या इमारतींतून सुट्टीच्या दिवशी खाडीवर येणारे हौशी तरुण हे तिन्ही प्रकार वापरतात, आणि उत्तम दोरा कोणता हा प्रश्न त्यांच्यात अखंड चालतो. माझे उत्तर असे की तो प्रश्न दुकानदाराला विचारण्याऐवजी खाडीला विचारावा. या खाडीचे पाणी गाळाने गढूळ असते. तिथे दोरा दिसतो की नाही याला फारसे महत्त्व नाही, म्हणून केवळ अदृश्यतेसाठी फ्लुओरोकार्बनचे दाम मोजणे व्यर्थ. जेट्टीच्या खांबांना आणि तिवरांच्या मुळांना कालवे चिकटलेली असतात. ताणलेला विणलेला दोरा त्यांच्यावर घासताच तुटतो, आणि उघड्या हाताने ओढणाऱ्याचा तळहातही कापतो. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, आणि वामेचे दात तर त्याहून वाईट. यास्तव हाताने गळ टाकणाऱ्याने सुमारे चाळीस-पन्नास शतांश मिलिमीटर जाडीचा साधा नायलॉन घ्यावा. रीळ आणि काठी वापरणाऱ्याला लांब फेकीसाठी विणलेला दोरा हवा असेल, तर त्याच्या टोकाला हातभर-दीड हात जाड नायलॉन अवश्य जोडावा. आणि वाम अपेक्षित असेल तर गळाजवळ वीतभर तार. जुन्या मच्छिमाराने पीळ देताना जो हिशेब केला असता, तोच हा.

त्या हिशेबाला आज जागा उरली आहे काय, हा खरा खेदाचा विषय. तळोजे औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्याने कासाडी नदीची आणि खाडीची जी अवस्था झाली, तिची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. उघाड्या व खाजणे भरावाखाली गेली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस मनाई केली, म्हणून निदान किनाऱ्याची हिरवी रांग टिकली आणि तिच्या आश्रयाने बोईटाची व कोलंबीची पिल्ले अद्याप वाढतात. ज्या रांगेने मासळी राखली, तिच्याच मुळांत आता तुटलेल्या तंगुसाची गुंतवळ अडकून राहते. तुटलेली सणाची दोरी एका पावसाळ्यात चिखलाचा भाग होई, हा तंतू मात्र पिढ्यानुपिढ्या तसाच राहतो, आणि पाणपक्ष्यांचे पाय, खेकड्यांच्या नांग्या व माशांचे कल्ले त्यात सापडतात.

म्हणून खारघरच्या खाडीवर गळ टाकायला जाणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती आहे की निरुपयोगी झालेला दोरा तिथे टाकू नये, गुंडाळून घरी आणावा, आणि दुसऱ्याचा अडकलेला दिसला तर तोही कापून बरोबर घ्यावा. दुसरी विनंती खारघर, कोपरा, बेलपाडा येथील तरुणांस: सणाला पीळ देणारे आणि सालीचे कषाय पाहिलेले वृद्ध ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्यांच्याकडून ते काम एकदा करवून घ्यावे, पाहावे आणि टिपून ठेवावे, हे काम येत्या पावसाळ्याच्या आत व्हावे.